उभ्या गाडीचं माप

पास्कूकाका गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारत. टायरची हवा बघायला नव्हे. चारी काचांतून ते आळीपाळीने आत डोकावत, आपण नसताना कुणी येऊन सामान हलवून गेलंय की काय, असा चेहरा करून. मग दार उघडत, वाकून पायाशी असलेली तिन्ही पेडलं निरखत, आरशाकडे बघत आणि अगदी शेवटी बसत. बसल्यावरही लगेच किल्ली फिरवत नसत. दोन्ही हात मांडीवर ठेवून थोडा वेळ थांबत. कशाची वाट बघताय, असं मी एकदा विचारलं.

"गाडी काय करते ते बघतोय," ते म्हणाले.

गाडी घेण्याआधी तीस वर्षं ते शिंपी होते. पापडीच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. आमच्या भागातल्या ख्रिस्ती नवरदेवांपैकी निम्मे तरी त्यांनी शिवलेल्या सुटात चर्चची पायरी चढले असतील. रस्ता रुंद करताना दुकानाची जागा गेली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. दुसरं दुकान मांडायचं सोडून त्यांनी मुंबईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी गाडी घेतली आणि ती भाड्याने फिरवायला सुरुवात केली. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावात भाड्याची तेवढी एकच गाडी. लग्नाला तीच, इस्पितळाला तीच, अवेळी स्टेशन गाठायचं तरी तीच. गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही. तेव्हा रस्त्यावर दोन-तीनच जातींच्या गाड्या दिसत आणि तक्रारी सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असत.

त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक बावखल आणि केळीच्या सात ओळी. बावखल म्हणजे आमच्या भागातलं वाडीला पाणी पुरवणारं तळं. त्याच्या एका काठावर त्यांचा कपडे धुवायचा पाटा, दुसऱ्या काठावर आमचा. त्यांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी फिलोमिना. ती गावच्या शाळेत शिकवायची. घरात बापलेक त्यांच्या बोलीत बोलत, आमच्याशी आमच्यासारखं.

मी उपनगरातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. तयार झालेला भाग नकाशात दिलेल्या मापाचा आहे की नाही, हे बघायचं माझं काम. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी कायम असे. पास्कूकाकांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा नावगाव विचारायच्या आधी सांगितलं, "तुझा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे." मी घरी जाऊन आरशासमोर उभा राहिलो आणि बायकोकडून मोजून घेतलं. अर्धा इंच भरला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बावखल ओलांडून तसं सांगायला गेलो.

"ती मोजत असताना तू श्वास रोखला असशील," ते म्हणाले.

मी रोखला होता.

गाडीबद्दल त्यांचं मत पहिल्या आठवड्यातच तयार झालं आणि पुढे कधी बदललं नाही. कापड चांगलं आहे, शिवण मजबूत आहे, पण मापं दुसऱ्याची आहेत. कुणाच्या तरी अंगाची मापं घेऊन ही गाडी कापली आहे आणि तो माणूस कोण, ते कंपनीने लपवून ठेवलं आहे. या माणसाला ते 'तो' म्हणत. त्याला नाव नव्हतं. पण गाडीतली एकेक अडचण सापडत गेली तसं त्याचं अंग भरत गेलं.

हातब्रेक डॅशबोर्डच्या खाली, छत्रीच्या मुठीसारखा. तो ओढायला एवढं वाकावं लागे की समोरचा रस्ता दिसेनासा होई. म्हणजे त्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचत होते. काच खाली करायचा दांडा फिरवला की दर फेरीला उजव्या गुडघ्यावर आपटे. म्हणजे त्याला उजवा गुडघा नव्हता. समोरचा दिवा मंद करायचं बटण जमिनीवर, क्लचच्याही पलीकडे. वळणावर क्लचही दाबायचा आणि दिवाही मंद करायचा, तर त्याला डावे पाय दोन होते. आरशात मागच्या रस्त्याऐवजी मागे बसलेल्यांची कपाळं दिसत. म्हणजे त्याला मागून येणाऱ्या गाड्यांपेक्षा मागे बसलेल्या माणसांचा संशय जास्त. वायपर डाव्या बाजूची काच लख्ख पुसे आणि चालवणाऱ्यासमोरचा कोपरा तसाच ठेवी. यावरून पास्कूकाकांनी असा निष्कर्ष काढला की तो स्वतः गाडी चालवतच नव्हता, शेजारी बसून हुकूम सोडत होता.

हे सगळं ते गंभीरपणे सांगत. ऐकणारा हसला तर ते त्याच्या तोंडाकडे बघत राहत, हा 'त्याचा' माणूस तर नव्हे ना, अशा नजरेने.

पण ते नुसती तक्रार करून थांबणारे नव्हते. उसवून पुन्हा शिवायचं ही तीस वर्षांची सवय. थंडीत इंजिन चालू करताना ओढायची चोकची मूठ आणि दिव्याची मूठ शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या. त्यांनी एकीला जाड दोरा गुंडाळला आणि दुसरीवर कोटाचं चार भोकांचं बटण शिवलं. बोट लावताक्षणी कळावं म्हणून. खिडकीच्या दांड्याला कापसाची टोपी शिवली. पाठीशी काथ्याची उशी, डावीकडे जाड आणि उजवीकडे पातळ, कारण सीटच्या स्प्रिंगा डावीकडे बसल्या होत्या. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की दोन दिवस तिथेच बसून राही, म्हणून टाकीत घालून बघायला त्यांनी बांबूची कामटी केली होती आणि तिच्यावर सुरीने खाचा पाडल्या होत्या. "काटा सांगतो ते ऐकायचं, मानायचं नाही," हे त्यांचं म्हणणं. ते डॉक्टरांच्या बाबतीतही हेच म्हणत आणि मला वाटतं, फादरांच्या बाबतीतही थोडंफार.

एकदा एका लग्नात नवरीला चर्चमध्ये न्यायला गाडी आली होती. आम्ही बावखलाच्या काठावरून बघत होतो. नवरी झग्यात, डोक्यावर लांब जाळीची ओढणी. पास्कूकाकांनी दार उघडलं, तिला बसायला सांगितलं आणि मग ओढणीचं टोक हातात धरून तिथेच उभे राहिले. नवरीचा बाप घाई करत होता, मिस्साच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. काकांनी खिशातून टाचण्यांची डबी काढली, दाराच्या आतल्या कडीला कापडाची घडी टाचली, ओढणी तिच्यावरून फिरवली आणि मग दार लावलं. बाप म्हणाला, हे सकाळीच करून ठेवता आलं नसतं का. काकांनी त्याला सांगितलं की सकाळी गाडीत नवरी नव्हती. रिकाम्या गाडीत ओढणी कुठे अडकणार ते त्यांना कसं कळणार?

मी तेव्हा इतरांबरोबर हसलो होतो.

दुसरी आठवण पाचूबंदरची. तिथल्या एका बाईच्या नवऱ्याच्या तळहातात मासे धरायचा गळ रुतला होता. तिला नवऱ्याला इस्पितळात न्यायचं होतं. पाऊस चालू होता. काकांनी नेहमीप्रमाणे गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावले, आणि वायपर अडखळला तेव्हा पुटपुटले की बसलाच आहे हा, सकाळपासून सोडत नाही. बाई एक पाय आत टाकून थांबली.

"काका, कोन बसलाय गाडीत?"

"आहे एक. तू बस."

"दिसत तं नाय कोन."

"मलाही नाही दिसला कधी. पण गाडी त्याची आहे."

बाईने नवऱ्याला हाताला धरून मागे ओढलं आणि भर पावसात ती दोघं बस गाठायला चालू लागली. काका त्यांच्यामागे हळूहळू गाडी नेत, खिडकीतून समजावत होते. शेवटी नवरा वैतागून म्हणाला की भूत असलं तरी चालेल, हात दुखतोय. इस्पितळापर्यंत बाई पुढच्या सीटकडे डोळे लावून बसली होती आणि उतरल्यावर तिने क्रुसाला आणि एकवीरेला, दोघांनाही हात जोडले. हे काकांनीच मला सांगितलं. त्यांना वाईट वाटलं होतं. त्या बाईचा संशय रास्त होता असं त्यांचं मत.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग त्यांच्या तक्रारींत एक बदल झाला. आधी त्या गाडीभर पसरलेल्या असत, आता एकाच जागी येऊ लागल्या. ब्रेक दाबला की तो बूट धरतो, असं ते म्हणू लागले. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो जुनाच विनोद होता. ब्रेकच्या पेडलवर त्यांनी चामड्याचा एक तुकडा शिवून बसवला, पाव इंच जाडीचा. काही महिन्यांनी त्यावर दुसरा आला.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे, खाली तीन पायऱ्यांचा चौथरा. एके दुपारी मी रजेवर होतो, वाडीत होतो. पास्कूकाका कुणाला तरी सोडून रिकामी गाडी घेऊन परतत होते. मी आधी इंजिनाचा आवाज ऐकला. गाडी वळणावर हळू झाली आणि मग एकदम गुरगुरली. त्यानंतर धडक बसली. मी धावलो. गाडीचं पुढचं चाक चौथऱ्याच्या पहिल्या पायरीवर चढलं होतं. क्रुसापाशी फुलं ठेवायला आलेली एक म्हातारी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती आवाज ऐकून बाजूला झाली होती. झाली नसती तर काय, ते सांगायची कुणाला गरज नव्हती.

काका उतरले. त्यांना लागलं नव्हतं. त्यांनी म्हातारीपुढे हात जोडले, मग माझ्याकडे वळले.

"मी ब्रेकच दाबला होता, सुधाकर. त्याने बूट धरला."

आजूबाजूला बारा-पंधरा माणसं जमली होती. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला होता. ब्रेक दाबणाऱ्याची गाडी अशी गुरगुरत नाही. त्या दिवसापासून गावात दोन मतं झाली. काहींना वाटे काका दुपारची घेतात. मला ते खरं वाटलं नाही, कारण मी जवळ उभा होतो आणि वास नव्हता. माझा संशय पायावर होता. एकसष्टी झालेला माणूस, उजवा पाय नीट उचलला जात नाही, ब्रेकवर पडायच्या जागी ॲक्सिलेटरवर पडतो आणि त्याला कळतही नाही. मग ब्रेक पायाला चटकन कळावा म्हणून तो पेडलवर चामडं चढवत जातो. सगळे तुकडे जुळत होते.

मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ठेवली. त्यांच्या विहिरीपासून ओट्यापर्यंत चाळीस पावलं होती. सकाळी ते बादली घेऊन येत तेव्हा मी आमच्या केळीतून मोजत असे. चाळीस पावलांत त्यांचा उजवा पाय दोनदा अडखळे.

आठवड्याभराने फिलोमिना आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज शाळेत असतो तसा होता.

"सुधाकरदादा, मला एकच सांगा. दोष गाडीत आहे की पप्पांत?"

तिचं म्हणणं सरळ होतं. दोष गाडीत असेल तर ती दुरुस्त करून घेऊ. पप्पांत असेल तर किल्ली काढून घ्यायची, कारण पुढच्या वेळी म्हातारी बाजूला होईलच असं नाही. मेस्त्रीला विचारलं तर तो दुरुस्ती काढणारच, तो त्याचा धंदा. शेजारी बाजू घेणार. माप कुणाची बाजू घेत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली होती. तिची एक अट होती. पप्पांना कळता कामा नये. त्यांच्या पायावर संशय घेतलाय हे कळलं तर ते जेवणार नाहीत.

रविवारी सकाळी बापलेक मिस्साला गेली. मी पट्टी, पेन्सिल आणि कागद घेऊन बावखल ओलांडलं. दार उघडून गुडघ्यावर बसलो आणि मापं घेतली. ब्रेक आणि ॲक्सिलेटर यांच्यातलं अंतर सव्वादोन इंच. ब्रेकवर चामड्याचे थर चार, एकूण उंची एक इंच. पेडलचा दांडा सरळ. मी हाताने पेडल थोडं दाबून पाहिलं, ते खाली गेलं आणि वर आलं. त्यांचा रविवारचा बूट त्यांच्या पायात होता, पण रोजचा ओट्यावर होता. त्याची रुंदी चार इंच. सव्वादोन इंचाच्या फटीत चार इंचाचा बूट मध्येच अडकेल असं मला वाटलं नाही. सगळी मापं मी दोनदा घेतली. मोजताना पट्टी सरकू नये म्हणून चामड्याच्या वरच्या थरावर पेन्सिलीची एक बारीक रेघ मारली.

संध्याकाळी मी फिलोमिनाला चर्चच्या वाटेवर गाठून सांगितलं की गाडी बरोबर आहे.

ती मान हलवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बावखलाच्या त्यांच्या काठावर उभे होते. त्यांच्या हातात ब्रेकवरचं चामडं होतं, उसवून काढलेलं. मी माझ्या काठावर. मध्ये पाणी.

"शिंपी खडूने खूण करतो," ते म्हणाले. "पेन्सिल तुमच्या कारखान्यात वापरतात."

मी कबूल केलं. फिलोमिनाला काळजी वाटत होती, म्हणून तिने सांगितलं, असंही म्हणालो. तेवढं तिच्यावर ढकलायला नको होतं.

"कुणाचं माप घेतलंस, सुधाकर? गाडीचं की माझं?"

उत्तराची त्यांनी वाटही पाहिली नाही. घरात गेले. संध्याकाळी फिलोमिनाने किल्ली मागायच्या आधीच त्यांनी ती टेबलावर ठेवली होती, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं. ते जेवले. त्याचीच तिला भीती वाटली.

त्या पावसाळ्यात गाडी त्यांच्या पडवीत उभी होती. आळीतल्या दिवस भरलेल्या दोन बायका बैलगाडीतून इस्पितळात गेल्या. दोघीही सुखरूप आल्या, पण पहिलीच्या वेळी बैलगाडीचं चाक चिखलात रुतून पाऊण तास गेला, तो मी घड्याळात पाहिला होता. मी घेतलेलं माप बरोबर असेल तर हा पाऊण तास योग्य होता, असं मी स्वतःला समजावत असे. म्हातारीचा जीव एका बाजूला आणि पाऊण तास दुसऱ्या. हिशेब बसायचा. तरी मी बावखलाच्या त्या काठाकडे बघायचं टाळायला लागलो होतो.

पाऊस संपल्यावर गावानेच फिलोमिनाला गळ घातली की गाडी पुन्हा चालू कर, ड्रायव्हर ठेव. जूचंद्रचा मधुकर आला. पस्तिशीचा, दहा वर्षं ट्रक चालवलेला, पायाने धडधाकट. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात तो गाडी आळीत उभी करून उतरला आणि पुढचं दार उघडं ठेवून डोकं खाजवत उभा राहिला. मी कामावरून परतत होतो. त्याने मला हाक मारली, कुणी तरी मदतीला हवं होतं.

"दादा, तुमी बसा आन् ब्रेक दाबा. जोरात. मी हात लावून बघतो."

मी बसलो. दाबला. तो खाली वाकून हाताने चाचपत होता.

"सोडा. आता परत दाबा. बघा, ब्रेक निस्ता खाली नाय जात. आडवा जातो."

मी खाली पाहिलं. पाय ठेवला नव्हता तेव्हा दोन पेडलांमध्ये सव्वादोन इंच होते. पायाचा पूर्ण जोर पडला की ब्रेकचं पेडल उजवीकडे कलंडत होतं आणि बुटाची कड ॲक्सिलेटरवर येत होती. मी खिशातून पट्टी काढली. फट पाऊण इंचावर आली होती. जोर काढला की स्प्रिंग त्याला जागेवर आणून ठेवत होती. मधुकर म्हणाला की पेडल ज्या खुंट्यावर फिरतं त्यातलं बुश, म्हणजे धातूची कडी, झिजलंय, एका दिवसात झिजत नाही, चार-पाच वर्षांची झीज आहे. ज्याने चालवली त्याचा बूट रोज अडकत असणार. मग कौतुकाने म्हणाला की आधीच्या माणसाने चामडं लावून बूट ॲक्सिलेटरपेक्षा उंच ठेवला आणि निभावलं, नाही तर कधीच ठोकली असती. काकांनी ते चामडं उसवून काढलं होतं, पण त्याचे टाके घातलेली भोकं पेडलच्या रबरावर होती.

चार थर. पाय जसा निकामी होत गेला तसे ते चढले, असं मी धरलं होतं. बुश जसं झिजत गेलं तसे ते चढले होते.

मी घरी गेलो नाही. आधी त्यांच्या विहिरीपाशी गेलो आणि ओट्यापर्यंत माझी स्वतःची पावलं मोजली. वाटेवर फणसाची मुळं वर आली होती. चाळीस पावलांत माझा पाय तीनदा अडखळला.

नवघरच्या मेस्त्रीकडून नवं बुश बसवून घेतलं. मग मी पास्कूकाकांकडे गेलो आणि जे झालं ते सगळं, मापांसकट, सांगितलं. माझं चुकलं म्हणालो. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. कोट अंगावर न चढवता बरोबर आहे म्हणणाऱ्या शिंप्याला त्यांनी दुकानात एक दिवस ठेवला नसता. मला वाटलं ते असं काही तरी बोलतील. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे आता गाडी सरळ आहे," ते म्हणाले.

"सरळ आहे. जोर देऊन मोजलीय."

ते उठले. फिलोमिनाने किल्ली आणून दिली. काका गाडीपाशी गेले आणि भोवती फेरी न मारता दार उघडून बसले. मी शेजारी बसलो. क्रुसापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. जाऊन येऊन पाव मैल. गाडी छान चालली. ब्रेक दाबला की सरळ खाली जात होता. पण प्रत्येक वेळी दाबायच्या आधी ते मान वाकवून पायाकडे बघत होते. रस्त्यावरची नजर काढून, अर्धा सेकंद. पाव मैलात मी नऊ वेळा मोजलं.

पडवीत गाडी उभी करून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"मधुकरला दे."

"काका, गाडीत काही दोष नाही आता."

"तेच सांगतोय मी." ते समोरच्या काचेतून बघत होते. "सहा महिने बसून विचार केला, सुधाकर. तुझं माप चुकलं असेल, तर फार बरं होईल. आणि नसेल चुकलं तर? म्हातारी उभी होती तिथे. इतकी वर्षं गाडीत खोट होती, तेव्हा मी डोळे मिटून ब्रेक दाबत होतो. आता खोट उरली नाही. आता काही झालं तर ते माझंच."

मी पुष्कळ समजावलं. फिलोमिनाने समजावलं. मधुकरने सुद्धा, त्याची नोकरी जाणार होती तरी. त्यांनी पुन्हा गाडी चालवली नाही. 'तो' कुणालाही त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आला नाही. गाडीतल्या कुठल्याच वस्तूबद्दल ते तक्रार करत नव्हते. मधुकरने दिव्याच्या मुठीवरचं बटण काढून टाकलं तेव्हाही नाही.

त्यानंतर चारेक वर्षांनी, एका शुक्रवारी, पापडीच्या बाजारातून परतताना ते मला एसटीच्या रांगेत दिसले. हातात भाजीची पिशवी होती. ते माझ्या पुढे तिसरे होते. मी हाक मारली नाही. गर्दी होती आणि बसही लागली होती. त्यांची पाळी आली तेव्हा कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरली होती आणि मागचे लोक ढकलत होते. काकांनी दांडा पकडला आणि थांबले. मान वाकवली, पायरीकडे पाहिलं, मग उजव्या पायाकडे पाहिलं आणि मग तो उचलला. कंडक्टर म्हणाला, चला काका, पुढे चला. दुसऱ्या पायरीलाही तसंच. एसटीला तीन पायऱ्या असतात. तिन्ही वेळा पाऊल जिथे पडायला हवं होतं, बरोबर तिथेच पडलं.